पुढे नंबरप्लेट नसलेली गाडी

जर्मनीतला रस्त्याकडेचा स्पीड कॅमेरा फोटो समोरून काढतो. त्या एका फोटोत नंबरप्लेटही दिसायला हवी आणि चालवणाऱ्याचा चेहराही, कारण तिथे वेगाचा दंड गाडीच्या मालकाला होत नाही; त्या क्षणी जो चालवत होता त्याला होतो. मोटारसायकल नेमकी इथे कायद्याची पंचाईत करते. तिला पुढे नंबरप्लेट नसते आणि चेहरा हेल्मेटच्या आत असतो. फ्लॅश उडतो, फोटो निघतो आणि त्यात ओळखण्याजोगं काहीच नसतं.

यावरून कोणाला वाटेल की दुचाकीस्वाराची तिथे चंगळ आहे. घडतं उलटंच. कॅमेऱ्याला जमत नाही म्हणून पोलीस स्वतः येऊन उभे राहतात. कारवाला अनेक वर्षं जर्मन पोलिसाचं तोंडही न पाहता गाडी चालवू शकतो, त्यांचा सगळा व्यवहार टपालानं चालतो. बाइकवाल्याला मात्र उन्हाळ्यातल्या रविवारी, ब्लॅक फॉरेस्टमधल्या बी ५०० सारख्या वळणांच्या रस्त्यावर, पोलीस समोरासमोर भेटतात. युरोपात पोलीस कुठे उभे आहेत हे पुष्कळदा या एकाच प्रश्नावरून ठरतं: पावती कोणाच्या नावानं फाडायची?

जर्मन पद्धत साधी आहे. सरळ पट्ट्याच्या शेवटी एक जण लेझर गन घेऊन बसतो. तो दिसतो तेव्हा वेग मोजून झालेला असतो. पुढच्या पार्किंगच्या जागेत त्याचा सहकारी लाल-पांढरी चकती हातात घेऊन रस्त्यावर येतो. चकती दिसली की इंडिकेटर देऊन तो दाखवेल तिथे गाडी घ्यायची, इंजिन बंद करायचं, हेल्मेट काढायचं. हेल्मेट काढणं हा नुसता शिष्टाचार नाही. त्याला चेहरा लायसन्सशी ताडून पाहायचा असतो आणि बोललेलं तुम्हाला ऐकू जायला हवं असतं. ऑटोबानवर प्रकार थोडा वेगळा. पोलिसांची गाडी पुढे येते आणि तिच्या टपावर ‘मागून या’ अशा अर्थाची अक्षरं पेटतात. अशा वेळी घाबरून कडेच्या पट्टीवर थांबायचं नसतं. ती गाडी बाहेरच्या वाटेवर किंवा विश्रांतीच्या जागेत नेईल, तिथपर्यंत शांतपणे मागे जायचं.

मोजलेल्या वेगातून आधी सूट वजा होते: ताशी १०० किलोमीटरच्या आत ३ किलोमीटर, त्यापुढे ३ टक्के. गावाबाहेर मर्यादेपेक्षा १६ ते २० ने जास्त असाल तर ६० युरो. २१ ते २५ ने जास्त असाल तर १०० युरो आणि लायसन्सच्या खात्यावर एक दोषाचा गुण. हे खातं फ्लेन्सबुर्ग शहरातल्या कार्यालयात असतं आणि आठ गुण झाले की लायसन्स जातं. गावात हेच आकडे चढतात, २१ ते २५ ला ११५ युरो. ५५ युरोपर्यंतची रक्कम जागेवर भरली की विषय संपतो. त्यावरचा दंड म्हणजे रीतसर प्रकरण, आणि त्यावर किमान २८.५० युरो खर्चाचे. जर्मनीत राहत नसलेल्याकडून दंड आणि खर्च मिळून अनामत घेतली जाते. ती नाही भरली तर गाडी अडकू शकते.

या सगळ्यात घासाघीस नसते. ‘साहेब, एवढ्या वेळ जाऊ द्या ना’ या वाक्याला तिथे जागाच नाही, आणि लायसन्सच्या घडीत नोट सरकवणं हा वेगाच्या दंडापेक्षा कितीतरी मोठा गुन्हा. पण पोलिसाच्या हातात काहीच नसतं असंही नाही. मागचा दिवा गेला आहे, आरसा सैल आहे, अशा किरकोळ दोषासाठी तो बहुधा एक कार्ड लिहून देतो: दुरुस्त करा आणि ठरल्या मुदतीत दाखवा. सौजन्य तिथे या रूपात मिळतं, आणि तेही कागदावर.

वेगाचं निमित्त झालं की तपासणी गाडीकडे वळते. भाड्याच्या बाइकवर याची फिकीर नको. म्युनिक-श्टुटगार्टकडे नोकरीला असलेले आपले लोक मात्र जुनी बाइक विकत घेतात, आणि आधीच्या मालकानं हौसेनं काय काय बदललंय हे त्यांना पोलिसाकडून कळतं. टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको. नंबरप्लेट उभ्या रेषेपासून वरच्या दिशेनं ३० अंशांपेक्षा जास्त कललेली नको. पुष्कळांची शेपूट तोकडी केलेली असते आणि प्लेट जवळपास आडवी झोपलेली. सायलेन्सरवर मान्यतेची खूण म्हणून ‘ई’ आणि आकडा कोरलेला हवा, आरशांवरही. ब्रेकचे आणि क्लचचे दांडे बदललेले असतील तर त्यांच्या परवानगीचा कागद बरोबर हवा, किंवा तो बदल गाडीच्या कागदपत्रात चढवलेला हवा. सायलेन्सरच्या आतली आवाज मारणारी नळी, जिला तिकडे सगळे ‘डीबी किलर’ म्हणतात, काढलेली असेल तर गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच संपली असं धरतात: ९० युरो, आणि बहुधा गाडी तिथेच थांबते. मागच्या प्लेटवरच्या गोल स्टिकरकडेही नजर जाते. त्यात सगळ्यात वर आलेला आकडा हा पुढच्या तांत्रिक तपासणीचा महिना आणि मधला आकडा वर्ष. घासाघीस करून बाइक घेताना हे स्टिकर लोक विसरतात, पोलीस विसरत नाहीत.

आवाजाची गोष्ट इथेच संपत नाही. ती ऑस्ट्रियात, तिरोलमध्ये, जास्त चमत्कारिक होते. रॉयट जिल्ह्यात लेश नदीचं खोरं, टानहाइमचं खोरं आणि हानटेनयोख हा घाट हे बाइकवाल्यांचं तीर्थक्षेत्र आहे. जून २०२० पासून तिथल्या ठरावीक रस्त्यांवर मोसमात ९५ डेसिबलपेक्षा जास्त ‘उभा आवाज’ (गाडी उभी ठेवून मोजलेला) असलेल्या मोटारसायकलींना बंदी आहे. दंड २२० युरो. हा आवाज पोलीस रस्त्यावर मोजत नाहीत. ते गाडीच्या नोंदणीचा कागद उघडतात आणि यू.१ या रकान्यातला आकडा वाचतात. तिथे ९६ लिहिलं असेल तर तुम्ही कितीही हळू आणि गुपचूप चालवत असलात, गाडी कंपनीतून जशी आली तशीच असली, तरी परत फिरा.

हा आकडा निघतो कसा, हे पाहिलं की बाइकवाले का चिडतात ते कळतं. गाडी उभी, माइक सायलेन्सरच्या तोंडापासून ५० सेंटिमीटरवर, ४५ अंशांच्या कोनात. इंजिनाच्या मिनिटाला जितक्या फेऱ्यांवर जास्तीत जास्त शक्ती मिळते, त्याच्या निम्म्या फेऱ्यांवर ते धरायचं. ती शक्ती ५,००० फेऱ्यांच्या आतच मिळत असेल तर पाऊणपट फेऱ्यांवर. मूळ हेतू एवढाच, की पुढे कधी रस्त्यात गाडी अडवली तर आत्ताचा आवाज कागदावरच्या आवाजाशी ताडून पाहता यावा आणि सायलेन्सरशी खेळ झाला आहे का ते कळावं. मर्यादा म्हणून तो आकडा कधी बनवलेलाच नव्हता. उंच फेऱ्यांचं इंजिन मोजतानाच जास्त फिरवलं जातं, म्हणून त्याचा आकडा मोठा येतो. प्रत्यक्ष गावातून जाताना तीच गाडी एखाद्या कमी आकड्याच्या गाडीपेक्षा शांत असू शकते. माझ्या मते हा नियम ओबडधोबड आहे. पण अरुंद खोऱ्यात दोन्ही बाजूंच्या कड्यांवर आपटून येणारा इंजिनांचा आवाज उन्हाळ्यातला प्रत्येक शनिवार-रविवार ऐकणाऱ्या माणसाला हा तर्क सांगून उपयोग नाही. आपल्याकडे बुलेटचे फटाके ऐकून कावलेल्या गल्ल्यांना, पोलिसांनी जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचं पाहून जे समाधान मिळतं, त्याच जातीचं हे समाधान आहे. तिरोलला जाणाऱ्यानं बाइक भाड्यानं घेण्याआधी यू.१ विचारावा, एवढंच.

जर्मनीची हद्द ओलांडली की पोलीस रस्त्यावर कमी दिसू लागतात आणि कॅमेऱ्याची दिशा बदलते. ऑस्ट्रिया, फ्रान्स, नेदरलँड्स, इटली या देशांत आधी गाडीच्या मालकाला धरतात, त्यामुळे मागून काढलेला नंबरप्लेटचा फोटो पुरतो. ऑस्ट्रियात मालकाला पत्र जातं: त्या वेळी कोण चालवत होतं ते सांगा. उत्तर न देणं हाच वेगळा गुन्हा. भाड्याची गाडी असेल तर कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवते आणि त्या श्रमांचे पैसे तुमच्या कार्डावरून कापते. लोकांना वाटतं तोच दंड होता. खरा दंड नंतर येतो. इटलीला परदेशात राहणाऱ्याकडे नोटीस पोचवायला ३६० दिवस मिळतात, म्हणजे टस्कनीचे फोटो विसरून गेल्यावर डोंबिवलीच्या पत्त्यावर लिफाफा येऊ शकतो.

तो लिफाफा उघडायला उशीर करू नये, कारण दंडाची रक्कम तारखेप्रमाणे बदलते. इटलीत पाच दिवसांत भरलं तर ३० टक्के सूट. स्पेनमध्ये २० दिवसांत निम्मे, पण सवलत घेतली की तक्रार करायचा हक्क गेला. फ्रान्समध्ये नेहमीच्या चौथ्या वर्गाच्या गुन्ह्याचे तीन भाव आहेत: लवकर भरलं तर ९०, मुदतीत १३५, मुदत उलटली की ३७५ युरो. युरोपीय संघात राहणाऱ्यानं तर दुसऱ्या देशाचा दंड हरवून जाईल अशा आशेवर राहूच नये. वेग, सिग्नल, हेल्मेट, दारू, मोबाइल अशा गुन्ह्यांसाठी हे देश एकमेकांना गाडीमालकाची माहिती देतात, आणि ७० युरोंपासूनचा दंड दुसरा देश वसूल करून देऊ शकतो.

आता ज्या सवयीपायी मुंबई-पुण्यात घडलेला स्वार सर्वात लवकर सापडतो तिच्याबद्दल: गाड्यांच्या मधून पुढे सरकणं. आपल्याकडे सिग्नलला उभ्या गाड्यांमधली फट ही दुचाकीचीच, असं हाताला ठाऊक असतं. डोकं विचार करायच्या आत हँडल वळलेलं असतं. जर्मनीत हे चालत नाही. वाहतूक तुंबली की सर्वात डाव्या रांगेनं डावीकडे आणि बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकून मधे रुग्णवाहिकेसाठी रुंद वाट मोकळी करायची असते. ती वाट पाहून बाइकवाल्याच्या तोंडाला पाणी सुटतं. उन्हात इंजिन तापलेलं, अंगात चामड्याचं जाकीट, आणि समोर मैलभर रिकामा रस्ता. त्या वाटेनं गेलात तर किमान २४० युरो, दोन गुण आणि महिनाभर चालवायला बंदी. इथे दयामाया नसते.

ऱ्हाइन ओलांडून केलहून स्ट्रासबुर्गला गेलात की तीच फट कायदेशीर होते, अर्थात अटींसह. फ्रान्सनं २०१६ पासून काही भागांत प्रयोग करून पाहिला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो नियमावलीत घेतला. मधे दुभाजक हवा, प्रत्येक दिशेला किमान दोन रांगा हव्यात, रस्त्याची मर्यादा ७० ते १३० हवी. सर्वात डावीकडच्या दोन रांगांच्या मधूनच जायचं. वेग ५० च्या वर नको आणि एखादी रांग थांबलेली असेल तर ३० च्या वर नको. वाहतूक धावू लागली की परत रांगेत. चुकलात तर १३५ युरो आणि लायसन्सवरचे तीन गुण वजा. तिथे बाजूला सरकून जागा देणाऱ्या कारवाल्याचे आभार उजवा पाय बाहेर काढून मानतात, कारण हात हँडलवरून सुटत नाहीत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा लाथ मारतोय की काय.

बेल्जियममध्ये वेग ५० पर्यंत आणि शेजारच्या गाड्यांपेक्षा २० नं जास्त चालतो. ऑस्ट्रियात समोरची वाहनं पूर्ण थांबलेली असतील आणि जागा पुरेशी असेल तरच पुढे जाता येतं. ती हलू लागली की नाही. ब्रिटनमध्ये परवानगी आहे, स्वित्झर्लंडमध्ये नाही. तेव्हा एका दिवसात तीन देश ओलांडणाऱ्यानं हद्दीच्या पाटीबरोबर हा नियमही मनातल्या मनात बदलायला हवा.

स्वित्झर्लंडमध्ये तर सगळंच महाग, दंडही. गावात मर्यादेपेक्षा ६ ते १० ने जास्त गेलात तर १२० फ्रँक, ११ ते १५ ला २५०. गावाबाहेर १६ ते २० ला २४०. त्यापुढे ठरावीक रकमेचा दंड संपतो आणि प्रकरण फौजदारी वाटेला लागतं. ‘बेफाम वेग’ हा तिथे आकड्यांनी ठरवलेला वेगळा गुन्हा आहे, २०१३ पासून. ८० च्या रस्त्यावर १४०, म्हणजे फुर्का किंवा सुस्टेन घाटातल्या एखाद्या सरळ तुकड्यावर मोठ्या बाइकला काही सेकंदांत गाठता येणारा वेग, तुरुंगापर्यंत नेऊ शकतो आणि गाडी जप्त होऊ शकते. कॅमेऱ्याची आगाऊ सूचना देणारी यंत्रं आणि ॲपही तिथे बेकायदा आहेत. हँडलवर फोन लावून नकाशा पाहणाऱ्यानं ती सूचना हद्दीआधीच बंद करावी.

फिनलंडची तऱ्हा त्याहून निराळी. मोठा गुन्हा असेल तर दंड उत्पन्नाच्या हिशेबानं होतो. नोकियाचे एक संचालक आन्सी वान्योकी २००१ मध्ये हेलसिंकीत ५० च्या रस्त्यावरून हार्ले-डेव्हिडसनवर ७५ च्या वेगानं जाताना सापडले आणि त्यांना सुमारे १,१६,००० युरो दंड झाला. दरम्यान त्यांचं उत्पन्न घटलं होतं. अपिलात ते दाखवल्यावर दंड पाच हजारांच्या घरात आला.

अंगावर काय घालायचं याबाबतीत या देशांचा आपसात काही मेळ नाही. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१६ पासून प्रमाणित हातमोजे सक्तीचे आहेत, नाहीतर ६८ युरो. चकाकणारं जाकीट बरोबर हवं, आणि बिघाडामुळे रस्त्याकडेला थांबलात तर ते अंगात हवं. कानात घालायचे इअरफोन चालत नाहीत, हेल्मेटमधले स्पीकर चालतात. बेल्जियमला हातमोजे, लांब बाह्यांचं जाकीट, पूर्ण पँट आणि घोटा झाकणारे बूट, सगळं लागतं. ऑस्ट्रियात बाइकवरही प्रथमोपचाराची पेटी हवी, जी जर्मनीत बाइकला लागत नाही. हेल्मेट नसेल तर जर्मनीत जेमतेम १५ युरो. इटलीत त्याच गुन्ह्याला गाडी ६० दिवस अडकून पडते. पुण्यातल्या हेल्मेटविरोधकांनी या दोन देशांपैकी कोणता निवडावा हे सांगायला नको. (जर्मनीत १५ युरो असूनही विनाहेल्मेट माणूस दिसत नाही, ही त्यातली मेख.)

दारूचं थोडक्यात: चेकिया, हंगेरी, स्लोवाकिया आणि रोमानियात रक्तातली मर्यादा शून्य. जर्मनी, फ्रान्स, इटलीत लिटरभर रक्तात ०.५ ग्रॅम. ग्रीसमध्ये कारवाल्याला ०.५ पण दुचाकीवाल्याला ०.२. म्युनिकहून प्रागला निघालेल्यानं दुपारच्या जेवणाबरोबर घेतलेली एक बिअर हद्दीच्या अलीकडे कदाचित चालून जाईल, पलीकडे नाही.

भारतातून जाणाऱ्याची अडचण बहुतेक वेळा कागदातच असते. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओ देतो, हजार रुपये शुल्क, जास्तीत जास्त एक वर्षाची मुदत. पण त्यात मोटारसायकलच्या ‘ए’ वर्गावर शिक्का आहे का, हे खिडकीवरच पाहून घ्यावं. मूळ लायसन्सवर एमसीडब्ल्यूजी, म्हणजे गिअरची मोटारसायकल, नसेल, फक्त चारचाकी असेल, तर तो शिक्का मिळत नाही आणि त्या परवान्यावर बाइक चालवणं म्हणजे विनालायसन्स चालवणं. मूळ लायसन्सही बरोबर हवं, कारण आंतरराष्ट्रीय परवाना एकटा काही सिद्ध करत नाही. फोनमधल्या लायसन्सवर विसंबू नये. स्वतःची भारतीय बाइक घेऊन इराण-तुर्कस्तानमार्गे जाणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. एका देशाचा वाहनविमा दुसऱ्या देशात चालवून घेणाऱ्या ग्रीन कार्ड योजनेत भारत नाही, त्यामुळे बल्गेरियात शिरताना सीमेवरचा विमा घ्यावा लागतो. आणि नंबरप्लेटवर रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच हवेत, शिवाय मागे ‘आयएनडी’चं लंबगोल स्टिकर. मराठीतली प्लेट तिथल्या कॅमेऱ्याला वाचता येणार नाही, ही पळवाट वाटत असेल तर पुन्हा जर्मनी आठवावी: कॅमेऱ्याला जे वाचता येत नाही ते वाचायला पोलीस स्वतः येतात.

ब्रिटनमध्ये पोलीस बाइकवाल्याच्या मागे येतात ते कधीकधी त्यानंच बोलावलं म्हणून. बाइकसेफ नावाचा पोलिसांचाच उपक्रम आहे. पूर्ण लायसन्स असलेल्या कोणीही पैसे भरून नाव नोंदवायचं. आधी वर्गात वळणं, ओव्हरटेक, रस्त्यावरची जागा यांवर बोलणं होतं, मग प्रशिक्षित स्वार काही अंतर ठेवून तुमच्या मागून येतो. नंतर तो सांगतो: डाव्या वळणाला तुम्ही फार लवकर आत कापता, त्यामुळे वळणापलीकडचं दिसत नाही. रस्त्याच्या मधल्या रेषेकडे थोडं थांबून, नजर वळणाच्या शेवटावर ठेवून आत या. अपघाताच्या जागेवर जे पाहायला मिळतं ते त्यानं पाहिलेलं असतं, त्यामुळे हे सांगताना तो आवाज चढवत नाही.